ड्युअल किटवर सिफिलिसची रेघ, आरपीआरला आठ दिवस, दहाव्या दिवशी गाडी: इंजेक्शन आधी की रिपोर्ट आधी?

उपकेंद्र_बीड

नमस्कार. प्रश्न एका केसचा आहे, पण दसऱ्याच्या तोंडावर आपल्या बीड, जालना, धाराशिव, परभणी पट्ट्यात बऱ्याच उपकेंद्रांना पडतो, म्हणून इथं विचारते.

गरोदर माता, १६ आठवडे, नोंदणी उशिरा. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात मूल पोटातच दगावलं, त्याचं कारण कुणी शोधलेलं नाही. आता अंगावर पुरळ नाही, जखम नाही, तक्रार काहीच नाही. ड्युअल किटवर (एचआयव्ही आणि सिफिलिस एकदम तपासणारी पट्टी) एचआयव्हीची रेघ नाही, कंट्रोलची ठळक आहे आणि सिफिलिसची आहे, पण फिकट. आरपीआरसाठी (सिफिलिस किती जोरात आहे ते दाखवणारी लॅबची रक्तचाचणी) रक्त पाठवलं तर रिपोर्ट यायला आठ दिवस. जोडीनं ऊसतोडीची उचल घेतलीय, मुकादम घाई करायलाय, दहाव्या दिवशी गाडी.

फिकट रेघ धरायची का? रिपोर्टच्या आधी पेनिसिलिन द्यायचं का? दिलं तर एक डोस की तीन? तीन असतील तर उरलेले फडावर कोण देणार? आणि नवऱ्याचं काय, त्याला तर काहीच होत नाही म्हणतो.

लॅब_लातूर

फिकट रेघ म्हणजे पॉझिटिव्हच, सिस्टर. कंट्रोलची रेघ आली आहे आणि किटच्या माहितीपत्रकात दिलेल्या वेळेच्या आतच वाचलंय, एवढं असलं की सिफिलिसच्या जागी दिसणारी कसलीही रेघ रिॲक्टिव्ह. रेघ किती गडद आहे यावरून आजार किती जोरात आहे ते ठरत नाही, ते आरपीआरच्या टायटरवरून (सीरम किती पातळ करूनही चाचणी रिॲक्टिव्ह राहते तो आकडा, जसा १:८) ठरतं.

शंका घ्यायची तर रेघेवर घेऊ नका, चाचणी कशी झाली त्यावर घ्या. आपल्याकडे चुका ठरलेल्या आहेत. बहुतेक किट ३० अंशांच्या खाली ठेवायची असतात, आणि उपकेंद्राच्या पत्र्याखालच्या कपाटात किंवा स्कूटीच्या डिकीत ऑक्टोबर हीटमध्येसुद्धा पारा सहज त्याच्या वर जातो. पाऊच आधीच फोडून ठेवलं तर पट्टी दमट होते, म्हणून बोटाला टोचायच्या तयारीत असाल तेव्हाच पाऊच फोडा. स्पिरिट वाळायच्या आत टोचलं तर थेंब पसरतो आणि रक्तात स्पिरिट मिसळतं. पहिला थेंब कोरड्या कापसानं पुसून दुसरा घ्यायचा, पिपेटच्या खुणेइतकाच. बोट पिळून पिळून काढलेलं रक्त नको. बफर त्याच खोक्यातला हवा, संपला म्हणून दुसऱ्या लॉटची बाटली उघडू नका. आणि सगळ्यांत जास्त होणारी चूक: पट्टी लावून बाकीच्या बायकांची वजनं घ्यायची आणि तासाभरानं येऊन वाचायचं. वेळ टळल्यावर उमटलेली रेघ धरता येत नाही. तसं झालं असेल तर नवी पट्टी लावा. वेळेत वाचलं असेल तर पुन्हा करायची गरज नाही.

आता आरपीआर कशासाठी, तेही सांगतो. किटची रेघ सिफिलिसच्या जंतूविरुद्ध तयार झालेल्या प्रतिपिंडांची असते आणि ती बहुतेकांत उपचारानंतरही जन्मभर येत राहते. म्हणून मागच्या बाळंतपणात उपचार झालेल्या बाईला किट लावून काही कळत नाही, तिला थेट आरपीआर. आरपीआरचं टायटर उपचारानं उतरतं. पुढे तुलना करायची तर सुरुवातीचा आकडा हातात पाहिजे, म्हणून रक्त इंजेक्शनच्या आधी घ्या. साध्या प्लेन व्हायलमध्ये घ्यायचं, गोठू द्यायचं आणि सीरम वेगळं करून २ ते ८ अंशांवर पाठवायचं. उन्हात हेलकावे खात आलेलं अख्खं रक्त फुटतं, मग नमुना परत येतो आणि आठाचे पंधरा दिवस होतात.

मागणीच्या चिठ्ठीवर "किट रिॲक्टिव्ह, गरोदर, टायटर द्या" असं स्पष्ट लिहा. नुसतं "आरपीआर" लिहिलं तर पुष्कळ ठिकाणी पातळ न करता एकदाच लावतात आणि रिॲक्टिव्ह की नॉन-रिॲक्टिव्ह एवढंच कळवतात.

वैद्यकीय_अधिकारी_जालना

आजच पहिला डोस. रिपोर्टची वाट पाहायची नाही.

हिशेब साधा आहे. आठव्या दिवशी रिपोर्ट, दहाव्या दिवशी गाडी. म्हणजे वाट पाहिली तर गाडी निघण्याआधी जेमतेम एक इंजेक्शन होईल, तेही ती त्या दोन दिवसांत आली तर. आज दिलं तर आज एक, सातव्या दिवशी दुसरं, आणि तिकडे फक्त एक उरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की गरोदर बाईचा नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पाठवून थांबू नका, जागेवर चाचणी करा आणि त्याच भेटीत उपचार सुरू करा. नको असताना दिलेल्या एका पेनिसिलिननं फारसं बिघडत नाही. हवं असताना न दिलेल्यानं काय होतं ते तिच्या पहिल्या खेपेच्या इतिहासात दिसत असेल. खात्रीनं म्हणता येणार नाही, पण सातव्या महिन्यात पोटात मूल जाणं आणि आता ही रेघ, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की संशय बळावतो.

दुसरं कारण गर्भाचं वय. जंतू वारेतून बाळाकडे केव्हाही जाऊ शकतात, पण चौथ्या महिन्यानंतर नुकसान वाढत जातं. ती आज १६ आठवड्यांची आहे, म्हणजे अजून फार उशीर झालेला नाही.

डोस: इंजेक्शन बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, स्नायूत. संसर्ग दोन वर्षांच्या आतला आहे अशी खात्री असेल तर एकदाच. लक्षणं नसलेल्या बाईत संसर्ग कधीचा ते सांगता येत नाही, म्हणून तिला आठवड्याच्या अंतरानं तीन: दिवस ०, ७ आणि १४.

हे उपकेंद्रात नको. प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत), इमर्जन्सी ट्रे शेजारी ठेवून द्या. पुढचं इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरसाठी. हे द्रव्य पाण्यासारखं विरघळत नाही, दुधासारखं दाट राहतं. बारीक सुई हमखास तुंबते, २१ गेजची घ्या. व्हायलवर लिहिलंय तेवढं निर्जंतुक पाणी घालून हलवा आणि लगेच भरा. भरून ठेवलं की तळाशी बसतं. अर्धं एका नितंबात, अर्धं दुसऱ्यात, वरच्या बाहेरच्या चतुर्थांशात, खोल. पिस्टन मागे ओढून रक्त येत नाही याची खात्री करूनच सोडा, कारण हे औषध शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. एकसारखं, सावकाश दाबायचं. मध्ये थांबलं की सुई बसते, आणि मग दुसऱ्यांदा टोचावं लागतं. ती पुढच्या आठवड्यात न येण्याचं तेवढं एक कारण पुरतं.

नंतर अर्धा तास बसवून ठेवा. ॲड्रेनलिनचा १ मिलीचा अँपूल (१:१०००) आणि सिरिंज हाताशी पाहिजे, कपाटात कुलूप लावून नव्हे. श्वास अडकला, ओठ सुजले, घाम येऊन नाडी लागेनाशी झाली तर ०.५ मिली मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, लगेच. डाव्या कुशीवर झोपवा, ऑक्सिजन लावा, १०८ बोलवा. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर तोच डोस परत.

त्याच रात्री ताप, अंगदुखी, डोकेदुखी आली तर ती ॲलर्जी नव्हे. जंतू एकदम मरतात त्याची ती प्रतिक्रिया आहे, पहिल्या २४ तासांत येते आणि जाते. पॅरासिटामोल द्या. मात्र पोट घट्ट यायला लागलं किंवा दिवस भरत आलेल्या बाईला बाळाची हालचाल कमी वाटली तर दवाखान्यात आणा. हे तिला आधीच सांगून ठेवा. नाहीतर "इंजेक्शननं ताप आला" म्हणून दुसऱ्या डोसला घरचेच पाठवणार नाहीत.

उपकेंद्र_बीड

धन्यवाद सर. आज दुपारी पीएचसीला घेऊन जाते. दोन गोष्टी राहिल्या. आरपीआर नॉन-रिॲक्टिव्ह आलं तर उरलेले डोस थांबवायचे का? आणि ती म्हणते की लहानपणी कुठल्याशा गोळीनं अंगावर उठलं होतं. पेनिसिलिनची ॲलर्जी धरून निळं किट (गुप्तरोगाच्या औषधांचं रंगवार पाकीट) देऊ का?

लॅब_लातूर

पहिल्याचं मी सांगतो.

किट रिॲक्टिव्ह आणि आरपीआरही रिॲक्टिव्ह असेल तर प्रश्नच नाही. किट रिॲक्टिव्ह आणि आरपीआर नॉन-रिॲक्टिव्ह असेल तर चार शक्यता राहतात: एक, जुना पण आधी उपचार झालेला संसर्ग; दोन, फार जुना पण उपचार न झालेला; तीन, अगदी ताजा, ज्यात आरपीआर अजून उठलेलं नाही; किंवा चार, किटचीच चूक. आधीच्या उपचाराचा लेखी कागद असेल तरच पहिली शक्यता धरा. "तेव्हा सुया दिल्या होत्या" हा कागद नव्हे.

पाचवी शक्यता आमच्या बाकाची आहे. प्रतिपिंडं फार जास्त असली तर पातळ न केलेल्या सीरममध्ये गुठळी धरत नाही आणि टेस्ट निगेटिव्ह दिसते. याला प्रोझोन म्हणतात. आधी मूल पोटात गेलेल्या बाईचा रिपोर्ट नॉन-रिॲक्टिव्ह आला तर लॅबला फोन करून "१:१६ पर्यंत पातळ करून बघा" असं जरूर सांगा. बाकी आरपीआर बिघडते ती साध्या गोष्टींनी: फ्रिजमधलं अँटिजन खोलीच्या तापमानाला न आणता वापरलं, कार्ड ८ मिनिटांऐवजी घाईनं ३ मिनिटं फिरवलं, रोटेटर मिनिटाला १०० फेऱ्यांचा नसून हातानंच हलवलं.

उलटंही होतं. किट निगेटिव्ह, आरपीआर १:२ किंवा १:४. गरोदरपणात, मलेरियात, संधिवाताच्या काही आजारांत असं खोटं रिॲक्टिव्ह येतं. तिथे टीपीएचए (सिफिलिसच्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी लॅबची चाचणी) करायची आणि चार आठवड्यांनी पुन्हा बघायचं.

वैद्यकीय_अधिकारी_जालना

आरपीआर निगेटिव्ह आलं आणि कागद नसेल तर गरोदर बाईत मी तिन्ही डोस पूर्ण करतो. टीपीएचए मागवा, पण तिच्यासाठी थांबू नका.

निळं किट अजिबात नाही. त्यात डॉक्सीसायक्लिन आहे, ते गरोदरपणात चालत नाही. पांढऱ्या किटमधल्या ॲझिथ्रोमायसिनच्या गोळीवरही विसंबू नका. ॲझिथ्रो किंवा एरिथ्रोमायसिन वारेतून बाळापर्यंत पुरेसं पोचत नाही. आईचा रिपोर्ट सुधारतो आणि बाळ आजारीच राहतं. पोटातल्या बाळावर उपचार करणारं, खात्रीचं असं एकच औषध आहे आणि ते पेनिसिलिन.

म्हणून ॲलर्जीचा इतिहास नीट खोदा. कोणती गोळी? किती वेळानं उठलं? श्वास लागला होता का, तोंड सुजलं होतं का, बेशुद्ध पडली होती का, ॲडमिट केलं होतं का? त्यानंतर कधी ॲमॉक्सिसिलिन खाल्लं आणि पचलं का? लहानपणी तापात आलेलं पुरळ हे बहुतेक वेळा तापाचंच असतं. जुलाब, मळमळ म्हणजे ॲलर्जी नव्हे. पण तासाभरात गांधी उठून श्वास अडकलेला असेल तर पीएचसीत प्रयोग नको. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयात किंवा संभाजीनगरच्या घाटीत पाठवा. तिथे देखरेखीखाली थोडं थोडं वाढवत पेनिसिलिन सोसायला लावतात आणि मग पूर्ण डोस देतात.

स्टाफनर्स_हिंगोली

आमच्याकडे बेंझाथिनचाच थेंब कातडीत टोचून टेस्ट करतात. बरोबर आहे का?

वैद्यकीय_अधिकारी_जालना

नाही ताई. ते दाट निलंबन आहे, कातडीत टोचून त्याचा अर्थ लागत नाही. करायचीच तर साध्या क्रिस्टलाइन पेनिसिलिनच्या पातळ द्रावणानं करा आणि १५-२० मिनिटांनी बघा. आणि टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून ट्रे आत ठेवायचा नाही.

समुपदेशक_परभणी

औषधाचं झालं, आता फडाचं बोलू. अर्धी केस तिथंच हातातून जाते.

तिला आणि तिच्या नवऱ्याला आजच हे विचारून घ्या: कोणत्या कारखान्याची टोळी, कोणत्या गावाचा फड, मुक्काम कोपीत (फडावरच्या झोपडीत) की कारखान्याच्या तळावर, स्वतःच्या दोघांचे नंबर. मुकादमाचा नंबर फक्त निरोपासाठी घ्या. त्याला "दवाखान्यातून फोन आहे, तारखेला इंजेक्शन आहे" इतकंच कळलं पाहिजे, कसलं ते नाही. टोळीत बातमी फुटली तर बाई सीझनभर तोंड लपवून राहील आणि तिसऱ्या डोसला येणार नाही.

माता बाल संरक्षण कार्डावर आजाराचं नाव मोठ्या अक्षरात लिहू नका. लिहा: इंजे. बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, पहिला डोस अमुक तारीख, दुसरा अमुक, तिसरा अमुक तारखेला देय, आरपीआर टायटर अमुक, आरसीएच क्रमांक (सरकारी माता-बाल नोंदीतला तिचा क्रमांक). हीच ओळ इंग्रजीतही लिहा. टोळी बेळगाव किंवा बागलकोटकडे गेली तर तिथल्या सिस्टरला मराठी कार्ड वाचता येईलच असं नाही. कार्डाचा फोटो तिच्याच मोबाईलमध्ये काढून ठेवा, कार्डं पावसात आणि कोपीत भिजतात. गाडी निघायच्या आत त्या भागातल्या पीएचसीला फोन करून तिसऱ्या डोसची तारीख सांगा. तिथे व्हायल शिल्लक आहे का तेही विचारा. नसेल तर तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा जवळचं सुरक्षा क्लिनिक (सरकारी गुप्तरोग दवाखाना) कुठे आहे ते तिच्या चिठ्ठीवर लिहा. "तिकडे दवाखान्यात दाखवा" एवढं सांगून पाठवलेली बाई परत सापडत नाही.

डोसचं अंतर चुकलं तर काय, हेही तिला सांगा. सात दिवस हा नेम. गरोदरपणात नऊच्या पुढे जाऊ देऊ नये असं काहींचं म्हणणं आहे. जागतिक आरोग्य संघटना १४ दिवसांपर्यंत चालवून घेते. १४ ओलांडले की पुन्हा पहिल्यापासून तीन. म्हणून फडावरून सुट्टी मिळत नाही म्हटली तर नवऱ्याला समजवा की एक खाडा आता परवडतो, नंतरचे तीन नाही.

नवऱ्याचं. त्याला आजच बोलवा, एकट्याला बसवा. त्याचीही एचआयव्ही आणि सिफिलिस चाचणी करा. चाचणी निगेटिव्ह आली तरी गेल्या ९० दिवसांत संबंध आलेला असेल तर २४ लाख युनिटचा एक डोस त्यालाही. पॉझिटिव्ह आली तर त्याचेही डोस बाईसारखेच ठरतील. त्याला काहीच होत नाही हे खरं असेल. या आजारात पहिली जखम दुखत नाही, आपोआप भरते, आणि लागण मात्र पुढे वर्षानुवर्षं रक्तातच राहते. त्याच कारणानं "कुणी आणला" याचा निवाडा रक्तावरून होत नाही. तसं स्पष्ट सांगा, भांडण तिथंच अर्धं मिटतं. दोघांचे डोस पूर्ण होईपर्यंत संबंध नकोत, किंवा निरोध. बाईला तीन सुया देऊन नवऱ्याला सोडलं तर तिला पुन्हा लागण होते, आणि दोष पेनिसिलिनला येतो.

एसएनसीयू_नांदेड

आज १६ आठवडे म्हणजे प्रसूती अजून २४ आठवड्यांनी, मार्चच्या आसपास. बहुतेक फडावर किंवा परतीच्या वाटेवर. म्हणून बाळाचंही आत्ताच कार्डावर लिहून ठेवा.

२० आठवड्यांच्या आसपास सोनोग्राफी करा आणि बाळाचं यकृत मोठं आहे का, पोटात पाणी आहे का, वार जाड आहे का हे खास बघायला सांगा. आरपीआर २८ ते ३२ आठवड्यांत एकदा आणि प्रसूतीच्या वेळी एकदा, त्याच प्रकारची चाचणी. आधी आरपीआर आणि नंतर व्हीडीआरएल (तशीच दुसरी रक्तचाचणी) केली तर आकडे जुळवता येत नाहीत. १:३२ वरून १:८ म्हणजे चौपट उतार, ते चांगलं. गरोदरपणात तेवढा उतार पडायला वेळ पुरत नाही, म्हणून १:१६ वर थांबलं तर घाबरू नका. १:८ वरून १:३२ वर चढलं तर मात्र पुन्हा लागण झाली असं धरा.

जन्माच्या वेळी बाळाचं शिरेतलं रक्त घ्या, नाळेतलं नको, त्यात आईचं रक्त मिसळतं. आई आणि बाळ दोघांचं आरपीआर एकाच दिवशी, एकाच लॅबमध्ये. बाळाचं टायटर आईच्या चौपट असेल तर बाळाला आजार आहे. बाळाला ड्युअल किट लावू नका, आईचे प्रतिपिंड बाळात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात आणि रेघ येणारच.

नाकातून सतत, कधी रक्तमिश्रित पाणी, तळहात-तळपायावर पुरळ किंवा साल, पोट फुगलेलं, कावीळ, एक हात हलवत नाही: यातलं काही असेल तर लगेच पाठवा. पण बहुतेक बाळं जन्मताना धडधाकट दिसतात, म्हणून "बाळ छान आहे" यावर सोडून देऊ नका. आईचं पहिलं पेनिसिलिन प्रसूतीच्या निदान ३० दिवस आधी झालेलं नसेल, दुसऱ्याच औषधावर भागवलं असेल किंवा नोंदच नसेल तर उपचार अपुरा धरतात. अशा आणि लक्षणं असलेल्या बाळाला भरती करून क्रिस्टलाइन पेनिसिलिन शिरेतून, किलोमागे ५०,००० युनिट, पहिल्या आठवड्यात दर १२ तासांनी, पुढे दर ८ तासांनी, एकूण १० दिवस. आजारी बाळाला बेंझाथिनची एक सुई पुरत नाही, ती मेंदूभोवतीच्या पाण्यात पोचत नाही. आईचा उपचार वेळेत, पूर्ण आणि बाळ ठीक असेल तर बाळाला बेंझाथिन किलोमागे ५०,००० युनिट एकदाच द्यायचं की नुसतं लक्ष ठेवायचं, ते बालरोगतज्ज्ञ ठरवतील. बाळाचं आरपीआर तिसऱ्या महिन्यापर्यंत उतरलं पाहिजे आणि सहाव्यापर्यंत निगेटिव्ह झालं पाहिजे.

अंगावरचं दूध चालू ठेवा. स्तनावर जखम असेल तरच त्या बाजूचं थांबवायचं.

उपकेंद्र_बीड

रक्त घेतलं, सीरम पीएचसीच्या फ्रिजमध्ये. गोळीनं उठलेलं पुरळ गोवराच्या वेळचं निघालं, श्वास वगैरे काही नव्हता. पहिला डोस झाला, अर्धा तास बसवलं. नवरा संध्याकाळी येतोय. दुसरा डोस पुढच्या याच वारी, गाडीच्या तीन दिवस आधी. एकच अडचण: पीएचसीत २४ लाखाची एकच व्हायल होती, आता १२ लाखाच्या चार आहेत. त्या वापरू का?

वैद्यकीय_अधिकारी_जालना

हो. १२ लाखाच्या दोन, एक एका बाजूला, दुसरी दुसऱ्या बाजूला. दोन तिच्या पुढच्या डोसला, दोन आज संध्याकाळी नवऱ्याला. पण तालुक्याकडे मागणी आजच टाका, नवऱ्याचीही रेघ आली तर सातव्या दिवशी त्याच्यासाठी आणखी लागतील.